बोअरचं पाणी गोड लागतं, डाळही शिजते, तरी त्यात फ्लोराईड असू शकतं : तपासायचं कसं आणि पुढं नेमकं काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात यवतमाळातल्या झरी जामणीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, गेलो होतो. कडुनिंबाखाली हापशी, बाजूला पाण्याचे दोन-तीन गुंड (हंडे) भरून ठेवलेले. मी पिशवीतनं टेस्टिंग किट काढलं तर एक आजी जवळ येऊन म्हणाल्या, "बाबू, कायले तपासतं, या पान्यानं डाय अशी शिजते, अन् गोड बी लागते." मी काही बोललो नाही, नळीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. फ्लोराईड नसेल तर त्या पाण्याचा रंग गुलाबी राहतो. इथं तो गुलाबी आधी नारिंगीवर गेला आणि मग सरळ पिवळा पडला, किटमधल्या रंगाच्या कार्डावर लावला तर लिटरला दीड मिलिग्रॅम या मर्यादेच्या बराच वर. आजींच्या शेजारी त्यांची नात उभी होती, सात-आठ वर्षांची, हसली तेव्हा समोरच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा दिसल्या. किट जे सांगत होतं तेच त्या पोरीचे दात आधीपासून सांगत होते, फक्त कोणी वाचलं नव्हतं.

आजींची डाळीची गोष्ट खरी होती हे मात्र लक्षात ठेवा, कारण आपल्या सगळ्यांची फसगत तिथंच होते. फ्लोराईड खडकातनं येतं, फ्लोराईट, ॲपेटाईट, काळा अभ्रक असल्या खनिजांतनं. पाणी खोल खडकात वर्षानुवर्षं मुरून बसलं की ते हळूहळू विरघळत जातं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराईडला आवर बसतो, कारण दोन्ही मिळून न विरघळणारं संयुग होऊन खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असलेलं पाणी असेल तर फ्लोराईड मोकळं चढत जातं. आता कॅल्शियम कमी म्हणजे काय, तर पाणी मऊ, साबणाला फेस येतो, डाळ पटकन शिजते, भांड्याला पांढरा थर बसत नाही. म्हणजे आपल्या आयाबाया ज्या खुणांवरून पाणी चांगलं म्हणतात त्याच खुणा फ्लोराईडच्या पाण्यात सापडू शकतात. मऊ पाणी म्हणजे फ्लोराईड असं उलटं धरायचं नाही हां, पण "डाळ शिजते म्हणजे पाणी चांगलं" हा हिशोब डोक्यातनं काढा एवढंच.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराईडची गावं आहेत हे सरकारी नोंदीत आहे, नवीन काही नाही. देशात तर फ्लोराईडनं दात-हाडं बिघडायचा हा आजार, फ्लोरोसिस, १९३७ सालीच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात नोंदला गेला. फरक एवढाच पडला की तेव्हा लोक विहिरीचं पाणी प्यायचे आणि आता आपण दोनशे-तीनशे फूट बोअर मारतो, आणि खोल गेलं की बऱ्याच ठिकाणी फ्लोराईड वाढतं.

आता कामाला लागू. एकेक करत जा, घाई करू नका.

पहिलं काम : घरात कुठलं पाणी कशाला वापरतो ते लिहून काढा

हे ऐकायला बावळट वाटतं पण इथंच अर्धं काम होतं. एका घरात साधारण तीन-चार ठिकाणचं पाणी असतं, नळयोजनेचं, दारातल्या बोअरचं, गावच्या विहिरीचं, वीस लिटरच्या जारचं. विचारलं की लोक सांगतात "आम्ही जारचं पितो", मग स्वयंपाकघरात गेलं की वरण-भात बोअरच्या पाण्यात, चहा बोअरच्या पाण्यात, शेतात न्यायची कॅन शेतातल्या बोअरवर भरलेली, पोरं शाळेत हापशीचं पितात. भात, वरण, चहा यांत पाणी पोटातच जातं, ते आटलं तरी फ्लोराईड आत राहतं. म्हणून वहीत चार ओळी लिहा : पिण्याला कुठलं, रांधायला कुठलं, शेतात कुठलं, शाळा-अंगणवाडीत कुठलं. ज्या ज्या ठिकाणचं पाणी तोंडात जातं ती सगळी ठिकाणं तपासायची. अंघोळ, कपडे, भांडी, संडास यांच्या पाण्याची चिंता सोडून द्या, कातडीतनं फ्लोराईड आत जात नाही म्हणावं इतकं कमी जातं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण माणूस घाबरला की सगळं घरच फिल्टर करायला निघतो आणि खर्च बघून काहीच करत नाही. तुम्हाला माणशी फक्त आठ-दहा लिटर पाणी सांभाळायचं आहे. जलजीवन मिशनमधेपण जिथं पाणी खराब आहे तिथं पिण्या-रांधण्यासाठी माणशी ८ ते १० लिटर चांगलं पाणी आधी द्या असंच धरलेलं आहे.

दुसरं काम : घरातल्या लेकरांचे दात बघा

उजेडात, तोंड धुवून, समोरचे पक्के दात. फ्लोराईडचे डाग दाताच्या आडव्या दिशेनं असतात, खडूसारखे पांढरे पट्टे किंवा पिवळे-तपकिरी, आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे. आमच्याकडं लगेच म्हणतात "खर्रा खाल्ला असन," पण खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, डाग हिरडीलगत आणि दातांच्या फटीत बसतो, खरवडला तर निघतो. फ्लोराईडचा डाग दाताच्या आतलाच असतो, घासून जात नाही. तो दात हिरडीच्या आत तयार होत असताना पडतो, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतलं पाणी त्या दातावर लिहिलं जातं. म्हणून मोठ्या माणसाचे दात पांढरे आहेत यावरून आत्ताचं पाणी चांगलं ठरत नाही, तो माणूस लहानपणी दुसऱ्या गावी वाढला असेल. सून बाहेरगावची आणि लेकरं इथली असतील तर आईचे आणि लेकरांचे दात शेजारी शेजारी बघा, बरंच कळतं.

मोठ्यांसाठी तीन सोप्या हालचाली आहेत, दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला यांनी फ्लोरोसिसच्या कामात त्यांचा बराच प्रसार केला. गुडघे न वाकवता खाली वाकून जमिनीवरचं नाणं उचलता येतं का. हनुवटी छातीला टेकते का. हात बाजूला पसरून कोपरात दुमडले तर डोक्याच्या मागं हात पोचतो का. हे जमलं नाही म्हणजे फ्लोरोसिसच असं अजिबात नाही, कंबरदुखी, मणक्याचा त्रास, म्हातारपण, कशानंही होतं. पण एकाच हापशीवर पाणी भरणाऱ्या पाच घरांत चाळिशीतली माणसं मान वळवताना अख्खं अंग वळवत असतील तर मग ते वयाचं राहत नाही, पाणी तपासाच. फ्लोराईड हाडांत साठत जातं आणि वर्षांनी सांध्याभोवतीचे बंध कडक होतात, हे झाल्यावर माघारी फिरत नाही. तेलंगणातल्या नालगोंडा भागात तर पोरांचे गुडघे आत वळलेले डॉक्टरांनी १९७० च्या दशकात नोंदले, तिथं फ्लोराईड आणि आहारात कॅल्शियमची कमी दोन्ही एकत्र आलं होतं.

तिसरं काम : नमुना नीट घ्या, नाहीतर रिपोर्टला काही अर्थ नाही

माझा स्वतःचा पहिला नमुना वाया गेला. कोल्ड्रिंकच्या बाटलीत टाकीचं पाणी भरून नेलं, लॅबवाल्या ताईंनी विचारलं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं होतं, मी म्हटलं आज सकाळीच. झालं, परत जा. ब्लीचिंग पावडरमधल्या क्लोरीननं रंगावर चालणारी फ्लोराईडची तपासणी चुकते. म्हणून नमुना टाकीतनं नाही, सरळ बोअरमधनं किंवा हापशीतनं घ्यायचा. टाकीचाच घ्यायचा असेल तर टीसीएल कधी टाकलं ते लॅबला सांगायचं.

बाटली प्लॅस्टिकची, स्वच्छ, एक लिटरची. साबण लावायचा नाही, त्याच पाण्यानं दोन-तीनदा खळखळून घ्यायची. हापशी असेल तर आधी पाचएक मिनिटं मारून पाणी वाहू द्यायचं, मोटर असेल तर तेवढीच चालू ठेवायची, म्हणजे पाईपात रात्रभर साचलेलं जातं आणि खडकातलं ताजं येतं. बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट, आणि बाटलीवरच पेननं लिहा : गाव, कोणाच्या दारातला बोअर, किती फूट खोल, तारीख, वेळ. तीन बाटल्या नेल्या आणि लेबल नसलं की घरी येऊन कुठली कुणाची हे कोणालाच आठवत नाही, हे दर वेळी होतं.

जंतू तपासायचे असतील तर ती बाटली लॅबच देते, निर्जंतुक केलेली, तिच्यात बोट घालायचं नाही आणि त्याच दिवशी पोचवायची. शिसं, आर्सेनिक, युरेनियम असले धातू तपासायचे तर लॅबला आधी फोन करा, त्या बाटलीत थोडं आम्ल टाकून देतात म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाही. आणि नळातनं येणारं शिसं शोधायचं असेल तर वरचा पाच मिनिटांचा नियम उलटा करायचा, रात्रभर साचलेलं पहाटेचं पहिलं पाणी धरायचं, कारण शिसं खडकातनं कमी आणि जुन्या पाईप-तोट्यांतनं जास्त येतं.

चौथं काम : आधी किट, मग लॅब

जलजीवन मिशनमधे प्रत्येक गावात पाच बायांना किटवर पाणी तपासायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा किट कुठंय, कोणाकडंय. बऱ्याचदा ते कपाटात पॅक असतं. काढायला लावा, आणि आधी औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी बघा, जुन्या औषधानं रंग भलताच येतो. रंग बघायचा तो दिवसा, सावलीत, मागं पांढरा कागद धरून. ट्यूबलाईटखाली किंवा भर उन्हात पिवळा-गुलाबी कळत नाही. गढूळ पाणी असेल तर आधी निवळू द्या.

किट म्हणजे चाळणी. पिवळा आला की लगेच बोअर बंद करायचा नाही आणि गुलाबी आला की निर्धास्त व्हायचं नाही, एक ते दोनच्या मधला रंग दोन माणसं दोन सांगतात. आकडा पाहिजे तर लॅबच. आपल्याकडं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब आहेत, जिल्ह्याला आणि काही तालुक्यांनापण, आणि २०२१ पासून पाणी तपासणीच्या सरकारी लॅब सामान्य माणसालाही थोड्या फीमधे खुल्या केल्या आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावच्या स्रोतांचे नमुने पाठवतोच, तेव्हा गावची हापशी असेल तर त्याच्यामार्फत जाऊ द्या, खासगी बोअरचा स्वतः न्या. तपासणी दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या आसपास, पावसाळ्यानंतर आकडा बदलतो, कधी खाली येतो कधी नाही येत, ते तुमच्या खडकावर आहे.

आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवणारं मीटर! दीड-दोनशे रुपयांचं ते पेन घेऊन कोणीतरी दारात येतो, ३०० दाखवतो आणि सांगतो पाणी एक नंबर. ते मीटर पाण्यातनं वीज किती जाते तेवढं मोजतं. ३०० मिलिग्रॅम क्षारांत फ्लोराईड अर्धा मिलिग्रॅम आहे का चार, हे त्याला कळूच शकत नाही. आर्सेनिक तर त्याहून शेकडो पटीनं कमी असतं तरी घातक. त्या मीटरवर पिण्याचं पाणी ठरवू नका, कळकळीनं सांगतो.

पाचवं काम : रिपोर्ट वाचायचा कसा

भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे. बरेच रिपोर्ट दीडची ओळ धरून "योग्य" लिहून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर विदर्भात एकची ओळ धरा, कारण ४५ डिग्रीत शेतात राबणारा माणूस चार-पाच लिटर पाणी पितो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की सगळीकडून मिळून दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड पोटात गेलं तर हाडांना धोका वाढायला लागल्याच्या खुणा आहेत, आणि १४ मिलिग्रॅमला धोका स्पष्टच. आता करा हिशोब. बोअरला ३ आहे, माणूस ४ लिटर पितो, १२ तिथंच झाले, वरणभात आणि चहा अजून धरलाच नाही. दीडच्या पाण्यातसुद्धा चार लिटरला ६ होतात.

बाकीच्या ओळीपण बघून घ्या. आर्सेनिक ०.०१, शिसं ०.०१, युरेनियम ०.०३, मँगनीज ०.१ (नाइलाज असेल तर ०.३), लोह १, नायट्रेट ४५, सगळं लिटरला मिलिग्रॅममधे. काही लॅब मायक्रोग्रॅममधे किंवा पीपीबीमधे देतात, तिथं आर्सेनिक "१०" दिसेल, ते आपलं ०.०१ च आहे, घाबरून जाऊ नका, आणि उलट "०.०५" बघून फारच कमी आहे असंही समजू नका, ते मर्यादेच्या पाचपट आहे. आकड्याशेजारचं एकक आधी वाचायचं, मग आकडा. आर्सेनिक म्हटलं की आपल्याला बंगाल-बिहार आठवतं, बंगालमधे १९८३ पासून हे माहीत आहे, पण छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही ते सापडलेलं आहे आणि तो भाग आपल्या गडचिरोलीला लागूनच आहे, तेव्हा त्या पट्ट्यातल्या लोकांनी ती एक ओळ जास्तीची तपासून घ्यावी. कोकणात लाल पाणी, भांड्याला गंज, ते बहुतेक लोह असतं, दिसतं वाईट पण फ्लोराईड-आर्सेनिकच्या मानानं सोपं, हवा लागू दिली की निवळतं. नायट्रेट जास्त असेल तर विहिरीजवळ शोषखड्डा, उकिरडा किंवा खताचा मारा आहे का बघा, आणि ते पाणी तान्ह्या बाळाला अजिबात नको.

सहावं काम : ज्यानं फ्लोराईड जात नाही ते करणं थांबवा

उकळणं. हे सगळ्यात आधी. जंतूंसाठी उकळलंच पाहिजे पण फ्लोराईड उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते घट्ट होतं, दोन लिटरचं दीड लिटर केलं तर ३ चं ४ झालं. लहान बाळ आजारी म्हणून आई बोअरचं पाणी उकळून उकळून पाजते, इतकी मायेनं केलेली गोष्ट आणि त्यानं फ्लोराईड वाढतं, हे बघितलं की जीव तुटतो. कँडलचा फिल्टर, कापडानं गाळणं, यूव्हीवालं मशिन, टीसीएल, क्लोरीनची गोळी, तांब्याचा हंडा, यांतल्या कशानंही फ्लोराईड निघत नाही. घरी गढूळपणासाठी तुरटीचा खडा फिरवतो तेवढ्यानंपण नाही.

तुरटीवरून आठवलं, नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढायची पद्धत बसवली, तिलाच नालगोंडा पद्धत म्हणतात. पद्धत खरी आहे, पण त्यात तुरटी मोजून घालावी लागते, किती ते पाण्यातल्या फ्लोराईडवर आणि अल्कलीवर ठरतं, ढवळायचं, तासभर बसू द्यायचं, वरचं निवळ काढायचं, खालचा गाळ लांब टाकायचा. मात्रा चुकली की पाण्यात ॲल्युमिनियम उतरतं. रोज कामावर जाणाऱ्या बाईनं पहाटे उठून हे करावं असं मला वाटत नाही. गावपातळीवर रोज बघणारा माणूस असेल तर ठीक, घरी अंदाजानं करू नका.

सातवं काम : चांगलं पाणी कुठनं आणायचं ते ठरवा

माझा क्रम सांगतो, आधी दुसरा स्रोत, मग पावसाचं पाणी, आणि सगळ्यात शेवटी मशिन.

दुसरा स्रोत बहुतेक गावात असतोच, आपण सोडून दिलेला. जुनी उघडी विहीर, नाल्याकाठचा झरा. उथळ पाण्याला खडकात मुरायला वेळ मिळालेला नसतो, त्यात फ्लोराईड बऱ्याचदा कमी निघतं. गावातले सगळे स्रोत एका दिवशी किटवर तपासा, दोनशे पावलांवर दोन हापशांचा आकडा वेगळा आलेला मी बघितलाय. विहिरीला मात्र जंतूंची भीती असते तेव्हा गाळ काढणं, कठडा, टीसीएल, उकळणं हे सगळं आलं. इथं उकळणं बरोबर, कारण फ्लोराईड आधीच कमी आहे.

मिसळूनपण चालतं पण हिशोबानं. ३ च्या बोअरचा एक हंडा आणि ०.४ च्या विहिरीचे दोन हंडे मिळून येतात साधारण १.३, दीडच्या आत पण आपल्या एकच्या ओळीच्या वर, चार हंडे घातले तर ०.९. अर्धं-अर्धं केलं तर १.७, ते नको. उन्हाळ्यात विहीर आटली की प्रमाण बिघडतं हे ध्यानात ठेवा.

पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसतंच. पाच जणांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी काटकसरीनं दिवसाला २५ लिटर धरा, पाऊस गेल्यावर आठ महिने म्हणजे २४० दिवस, लागले ६००० लिटर. आता छप्पर किती देतं बघा, ३० चौरस मीटर पत्रा, पाऊस ९०० मिलिमीटर, वीस टक्के वाया गेला धरला तरी २१ हजार लिटरच्या वर. म्हणजे छप्पर पुरून उरतं, अडचण टाकीची आहे. एवढी टाकी परवडत नसेल तर दोन हजार लिटरची घ्या आणि ते पाणी फक्त आठ वर्षांच्या आतल्या लेकरांना आणि गरोदर बाईला राखून ठेवा, बाकीच्यांचं दुसरीकडून बघा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण जाऊ द्यायची. पन्हाळीच्या तोंडाला जाळी, टाकीला झाकण घट्ट, उजेड आत जाता कामा नये नाहीतर शेवाळ धरतं, आणि प्यायच्या आधी क्लोरीन किंवा उकळणं. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचं किंवा रंग उडणाऱ्या छपराचं पाणी प्यायला धरू नका.

आता आरओ. आरओनं फ्लोराईड निघतं, चांगल्या स्थितीत नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४ चं ०.४ होतं. पण यात एक गोम आहे जी विकणारा सांगत नाही. बऱ्याच घरगुती मशिनमधे टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, चव यावी म्हणून. तो स्क्रू काय करतो, तर कच्चं पाणी मेम्ब्रेनला (आतल्या गाळणाऱ्या पडद्याला) बगल देऊन थोडं चांगल्या पाण्यात सोडतो. तीस टक्के कच्चं मिसळलं तर तुमचं ४ चं पाणी ०.४ ला नाही, जवळजवळ १.५ ला येऊन बसतं. फ्लोराईडच्या गावात तो स्क्रू पूर्ण बंद करून घ्या, मेकॅनिकला समोर उभं राहून करायला लावा. मेम्ब्रेन जुनी झाली की हळूहळू गळू देते, चव तीच राहते. इथं मात्र ते टीडीएस पेन कामाचं आहे : नवीन मेम्ब्रेन बसवल्या दिवशी आतलं आणि बाहेरचं रीडिंग मशिनवरच लिहून ठेवा, बाहेरचा आकडा चढायला लागला की मेम्ब्रेन गेली समजा. आणि सहा महिन्यांनी बाहेरच्या पाण्याची फ्लोराईडची टेस्ट. आरओचं फेकायचं पाणी भांडी-फरशीला वापरा, त्यात फ्लोराईड दाटलेलं असतं, ते माठात, कणकेत, जनावराच्या हौदात जाता कामा नये.

गावात नाणं टाकून जार भरायचं मशिन असेल तर त्याचंही तेच, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रिपोर्ट मागा आणि तारीख बघा. चालवणारा वैतागला तर वैतागू द्या. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे फिल्टरपण येतात, वीज लागत नाही, खर्च कमी, काम करतात, फक्त ते कधी भरले ते बाहेरून दिसत नाही आणि कॉस्टिक सोड्यानं धुवून परत चालू करावे लागतात, तर ज्यांच्याकडं महिन्याला किटची टेस्ट होते त्यांनीच घ्यावेत.

आठवं काम : ताटाकडं बघा, आणि डॉक्टरकडं जा

चांगल्या पाण्याला पर्याय नाही, पण पोटात कॅल्शियम असलं की फ्लोराईड कमी शोषलं जातं. दूध-ताक, तीळ, नाचणी, शेवगा, हिरव्या भाज्या, आणि क जीवनसत्त्वासाठी आवळा-लिंबू. पावसाळ्यात आपल्याकडं तरोटा फुकट उगवतो, मध्य प्रदेशातल्या झाबुआत फ्लोरोसिसच्या लेकरांना हीच भाजी मुद्दाम खायला घालायचं काम झालेलं आहे. चिंचेनं लघवीवाटे फ्लोराईड जास्त बाहेर पडतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात दिसलं होतं, तेव्हा चिंचेचं सार करा, पण सार कशाच्या पाण्यात करताय ते आधी बघा. काळं मीठ आणि दिवसभराचा कडक काळा चहा कमी करा, दोन्हींत फ्लोराईड असतं. लहान लेकराला फ्लोराईडची टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, गिळू द्यायची नाही.

आईच्या दुधात फ्लोराईड फारच थोडं असतं, आई बोअरचं पाणी पीत असली तरी. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाणी नाही, आणि पावडरचं दूध देणं भाग असेल तर ते या पाण्यात कालवायचं नाही.

सांधे, मान, कंबर धरली असेल तर मेडिकलमधनं गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाण्याचा रिपोर्ट सोबत घेऊन जा आणि स्पष्ट सांगा की आमच्या पाण्यात इतकं फ्लोराईड आहे, लघवीतलं फ्लोराईड तपासायचं आहे. २००८-०९ पासून फ्लोरोसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, ज्या जिल्ह्यांत तो चालू आहे तिथं ही तपासणी होते. किडनीचा त्रास असलेल्या माणसाच्या अंगात फ्लोराईड जास्त साठतं, त्याचं पाणी घरात सगळ्यांच्या आधी बदला.

नववं काम : गावात मांडा

रिपोर्टची झेरॉक्स लावून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय नोंदवायला लावा. मागणी एकच ठेवा, शाळा आणि अंगणवाडीचं पाणी आधी, कारण दात तिथंच घडतायत. जी हापशी खराब निघाली ती तोडू नका, धुण्याला आणि बांधकामाला लागते. तिला लाल रंग मारून "पिण्यासाठी नाही" लिहायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पेल्यावर फुली काढायची. त्या पोडावर आम्ही हेच केलं. रंग मारायला शाळेतली पोरं आली, आजी बाजूला उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "मंग आता डाय कुठल्या पान्यात शिजवू?" नाल्याजवळच्या जुन्या विहिरीचा किटवर गुलाबी रंग आला होता, तिचा नमुना लॅबला गेला होता, तोवर जारचं पाणी रांधायला घ्या म्हणून सांगितलं. डाळीला वेळ लागला तर रात्री भिजत घाला, चिमूटभर सोडा टाकला तरी चालतो.

लॅबचा आकडा आला तेव्हा तो विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगानं लिहिला, खाली तारीख. दिवाळीनंतर परत तपासलं की त्याखाली दुसरी ओळ येईल, जागा सोडून ठेवली आहे.